सात रात्री रेडिओ दुर्बिणीच्या पाळीवर: आपलं घड्याळ आणि आभाळाचं घड्याळ

आर्द्रा | सोमवार, सकाळी ७:२०

मंडळी, आमच्या प्रकल्पाला रेडिओ दुर्बिणीवर सलग सात रात्री मिळाल्या आहेत आणि निरीक्षणाची पाळी माझ्याकडे आली आहे. कालची पहिली. रोज सकाळी झोपायच्या आधी इथे लिहायचं ठरवलंय. दुर्बिणीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांच्या कामाबद्दल लिहिणं होणार आणि मी त्यांना विचारलेलं नाही. डिश अँटेनांचा मोठा समूह आहे, एवढं पुरे.

आम्ही बघतोय तो दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन. थंड हायड्रोजनचा अणू १४२०.४ मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर, अगदी क्षीण लहरी सोडतो. व्हॅन डी हुल्स्टने १९४४ साली हे गणिताने सांगितलं आणि १९५१ साली युएन आणि पर्सेल यांना ती रेषा, म्हणजे त्या एकाच वारंवारतेवरची खूण, खरोखर सापडली. आमच्या दीर्घिका दूर पळताहेत, त्यामुळे त्यांची रेषा आमच्यापर्यंत येते ती १२९० मेगाहर्ट्झच्या आसपास. एका रात्रीत ती गोंगाटातून वर येत नाही. निरीक्षणाचा वेळ सातपट केला की गोंगाट सातपट नाही, सातच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण २.६ पट कमी होतो. तेवढ्यासाठी सात रात्री.

काल २१:०० वाजता सुरुवात केली. सगळ्या डिश एकदम वळायला लागल्या तेव्हा मी बाहेर उभी होते. मोटरींचा एकसुरी घरघराट आणि अंधारात एकेक काळी वाटी हळूहळू आभाळाकडे तोंड करत जाते. आत येऊन पडद्यासमोर बसले. आधी ३सी२८६ हा कॅलिब्रेटर. या क्वेसारची (दूरच्या दीर्घिकेच्या तेजस्वी केंद्राची) तेजस्विता नीट ठाऊक आहे, १४०० मेगाहर्ट्झजवळ सुमारे १५ जान्स्की (रेडिओ तेज मोजायचं एकक), त्यामुळे त्यावरून सगळी मोजमापं लावता येतात. पडद्यावर अँटेनांच्या प्रत्येक जोडीसाठी एक छोटी चौकट असते आणि तीत फेजचे, म्हणजे दोन अँटेनांकडे आलेली लहर एकमेकींच्या किती पुढे-मागे आहे त्याचे, ठिपके पडत जातात. डिश वळत असताना ठिपके मूठभर वाळू उधळावी तसे. २१:०६ ला डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत ते एका ओळीत आले, मग शेजारच्या, मग खालच्या, आणि अर्ध्या मिनिटात सगळ्या पडद्यावर आडव्या रेघाच रेघा. ऑपरेटर म्हणाले, "आल्या फ्रिंज." फ्रिंज म्हणजे जोडीतल्या दोन्ही अँटेनांची लहर नीट जुळल्याची खूण. मी उत्तर दिलं नाही, बघतच राहिले.

नंतरची रात्र ठराविक. लक्ष्यावर ४० मिनिटं, जवळच्या फेज कॅलिब्रेटरवर ५ मिनिटं, परत लक्ष्यावर. पहाटे शेवटी ३सी४८. नोंदवहीत १९ ओळी झाल्या. आज २०:५६ ला सुरू करायचं आहे.

---

नभांगण | सोमवार, सकाळी ९:०५

वा! वाचनखूण साठवली. सातही रात्री लिहा.

---

सहज विचारतो | सोमवार, दुपारी १२:४०

मला यातलं काही कळत नाही, पण वाचायला फार आवडलं. दोन प्रश्न. एक, काल नऊला सुरू केलंत तर आज ८:५६ का? दुसरा, डेटा संगणकात वेळेसकट साठत असेलच ना? मग हाताने नोंदवही कशाला?

---

शाळामास्तर | सोमवार, दुपारी ४:१५

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, वर्गात दरवर्षी देतो.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते ती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत. तेवढ्यात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा त्याच जागी यायला आणखी ४ मिनिटं लागतात आणि आपला दिवस २४ तासांचा होतो. तारे या सरकण्याला दाद देत नाहीत, ते फार लांब आहेत. म्हणून कुठलाही तारा आज जिथे दिसला तिथेच उद्या जवळजवळ ४ मिनिटं आधी येतो. पहिल्या रात्रीपासून सातव्या रात्रीपर्यंत सहा अंतरं, म्हणजे साधारण २४ मिनिटांचा फरक पडेल. आर्द्राताईंची शेवटची रात्र २०:३६ ला सुरू व्हायला हवी.

वाचून पाहू नका, करून पाहा. अंगणात किंवा गच्चीवर एक जागा पक्की करा, डोळा दरवेळी तिथेच येईल अशी. समोरच्या भिंतीच्या कडेआड एखादा ठळक तारा जातो तो क्षण सेकंदासकट लिहा. चार-पाच रात्री. या आठवड्यात मुलांकडून करून घेतो आणि आकडे इथे देतो.

---

आर्द्रा | मंगळवार, सकाळी ६:५०

मास्तर, धन्यवाद, २०:३६ बरोबर आहे, वेळापत्रकात तेच छापलंय.

नोंदवहीचा प्रश्न कालपर्यंत मलाही पडलेला होता. आज त्याचं उत्तर थोडं मिळालं. रात्री २२:४१ ला पडद्यावरच्या वर्णपटात रुंद पट्टाभर गोंगाट उठला. एका वारंवारतेवर नाही, जवळजवळ सगळीकडे, आणि समान अंतरावर कंगव्याच्या दातांसारखे सुळके. २३:०१ ला जसा आला तसा गेला. तेव्हा आठवलं की असं काहीतरी पहिल्या रात्रीही दिसलं होतं. वही उघडली तर माझ्या अक्षरात फक्त "मधेच थोडा गोंगाट". वेळ नाही, अँटेना क्रमांक नाहीत, काही नाही. स्वतःचाच राग आला. डेटात शोधता येईल, पण त्या क्षणी काय चाललं होतं, कोण काय करत होतं, हवा कशी होती, ते परत मिळणार नाही.

पहाटे ०२:५० ला आणखी एक गोष्ट. १२२७ मेगाहर्ट्झपाशी उंच सुळका उभा राहिला आणि त्याच वेळी बाकीच्या पट्ट्याची पातळी खाली दबली. दीड-दोन मिनिटं, मग पूर्ववत. आता वेळ मिनिटापर्यंत नाही, सेकंदापर्यंत लिहिते आहे.

---

ध्रुवमत्स्य | मंगळवार, सकाळी १०:३०

आयुष्यभर रिसीव्हरची दुरुस्ती केली, त्या अनुभवावरून सांगतो. २२:४१ च्या गोंगाटासाठी तीन गोष्टी बघून ठेव.

एक, तो कुठल्या जोड्यांत आहे. जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्यांत जोरात आणि लांबच्या जोड्यांत नसल्यासारखा असेल, तर तो बहुधा जमिनीवरचा. कारण असं. पृथ्वी फिरते तशी आभाळातली लहर प्रत्येक अँटेनाला पोचायची वेळ बदलत जाते. कोरिलेटर, म्हणजे सगळ्या अँटेनांचे संकेत जोडीजोडीने जुळवणारं यंत्र, तो फरक सतत भरून काढतो, म्हणून ज्याच्यावर रोख आहे तो स्रोत पडद्यावर स्थिर दिसतो. जमिनीवरची वस्तू मुळातच स्थिर. तिला ही आभाळाची भरपाई लागू झाली की तिची फेज गरगरायला लागते. लांबच्या जोडीत इतक्या झपाट्याने की सरासरी काढताना पुसली जाते. जवळच्या जोडीत सावकाश, म्हणून टिकते.

दोन, डिश दुसरीकडे वळवली की तो बदलतो का.

तीन, आणि हे सर्वांत स्वस्त: उद्या किती वाजता येतो. २२:४१ लाच आला तर आपला. २२:३७ ला आला तर आभाळाचा.

कंगव्याचे दात म्हणालीस त्यावरून स्विचिंगचं, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करणारं, काहीतरी आहे असं वाटतं. पॉवर सप्लाय, चार्जर, दिव्याचा ड्रायव्हर, मोटरीचा वेग बदलणारी पेटी. यांतलं काहीही असू शकतं.

---

कृत्तिका | मंगळवार, दुपारी १:१०

काकांच्या तिसऱ्या मुद्द्याला +१. आमच्या विषयाचा जन्मच त्यातून झाला आहे.

कार्ल जान्स्की बेल लॅबमध्ये रेडिओ-टेलिफोनला त्रास देणारा खरखराट शोधत होता. त्याची अँटेना २०.५ मेगाहर्ट्झवर चालायची, मोटारीच्या चाकांवर बसवलेली होती आणि २० मिनिटांत एक फेरा घ्यायची. वादळांचा खरखराट त्याने ओळखला, पण एक मंद सूं-सूं आवाज उरला. १९३१ च्या अखेरीस तो सूर्याच्या दिशेने येतोय असं वाटलं. त्याने घाई केली नाही, महिनोन्महिने नोंदी ठेवल्या. आवाज हळूहळू सूर्याला सोडून पुढे सरकत गेला आणि त्याचं चक्र २४ तासांचं नाही, २३ तास ५६ मिनिटांचं निघालं. डिसेंबरमध्ये सूर्य धनु राशीच्या बाजूला असतो, आणि आपल्या आकाशगंगेचं केंद्रही तिकडेच. तो आवाज आकाशगंगेचा होता. १९३३ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. आर्द्रा ज्या एककात मोजते आहे ते त्याच्याच नावाचं.

त्याने एकच आठवडा ऐकलं असतं आणि वेळ ढोबळ लिहिली असती, तर "सूर्य" म्हणून फाइल बंद झाली असती.

---

सहज विचारतो | मंगळवार, रात्री ९:५०

अंगावर काटा आला हो. आणखी एक विचारतो, डिश जाळीच्या का असतात? लहरी भोकांतून पलीकडे जात नाहीत?

---

ध्रुवमत्स्य | मंगळवार, रात्री १०:२०

भोक तरंगलांबीपेक्षा बरंच लहान असेल तर लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. २१ सेंटिमीटरच्या लहरीपुढे सेंटिमीटरभराचं भोक काहीच नाही. वजन वाचतं आणि वारा आरपार जातो. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हेच टोकाला नेलं: ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, पोलादी दोरांवर ताणलेली बारीक तारेची जाळी. १४ डिश मध्यभागी एकवटलेल्या आणि १६ तीन भुजांवर, साधारण २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जाड पत्र्याच्या तेवढ्या डिश उभ्या करायच्या तर खर्च आवाक्याबाहेर गेला असता.

---

आर्द्रा | बुधवार, सकाळी ७:३५

काका, २२:४१:२०. कालही २२:४१ लाच. म्हणजे आपला. जवळच्या जोड्यांत भरपूर, लांबच्यांत जवळपास नाही, तुम्ही म्हणालात तसंच.

गोंगाट येणार म्हणून मी २२:३५ पासूनच हातात वही घेऊन बसले होते. खोलीतलं काय चालू-बंद होतं ते लिहिलं. ऑपरेटर काहीतरी आणायला बाहेर गेले, दार उघडलं, आणि त्या उघड्या दारातून लांबून एक मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. बारीक, चढत जाणारा. मी लिहिलं: "२२:४१, दार उघडं, बाहेर पंपासारखा आवाज." त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, रात्री मोटरींचे आवाज येतच असतात. पण लिहून ठेवलंय.

आता दुसरी गोष्ट, आणि हिने मला झोप लागू दिलेली नाही. १२२७ चा तो सुळका आज ०२:४६ ला आला. काल ०२:५०. चार मिनिटं आधी! १२२७ ही दिशादर्शक उपग्रहांची वारंवारता आहे एवढं मला ठाऊक आहे. मग माणसाने सोडलेली वस्तू आभाळाच्या घड्याळाने कशी चालते? आपण काल जो नियम केला तो मोडला का?

---

कृत्तिका | बुधवार, सकाळी ११:००

आर्द्रा, खूप छान पकडलंस. नियम मोडला नाही, तो आपण समजलो त्यापेक्षा अरुंद आहे.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि एक फेरी ११ तास ५८ मिनिटांत पूर्ण करतात. हा आकडा ओळखीचा वाटतो ना? नाक्षत्र दिवसाचा, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने होणाऱ्या २३ तास ५६ मिनिटांच्या दिवसाचा, बरोबर अर्धा. म्हणजे उपग्रहाच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात पृथ्वीची एक होते, आणि तो तुझ्या डोक्यावरच्या आभाळात पुन्हा त्याच जागी येतो, रोज सुमारे चार मिनिटं आधी. कक्षा मुद्दामच तशी निवडलेली आहे.

आता तुझी दुर्बीणही रोज चार मिनिटं आधी त्याच दिशेला बघते. दोघांचं घड्याळ एकच, म्हणून भेट रोज तिथेच होते. तो नजरेच्या अगदी जवळून जातो तेव्हा रिसीव्हर त्याच्या जोराने दबतो आणि बाकीचा पट्टा खाली बसतो. तुझ्या १२९० ला तो थेट झाकत नाही, पण त्या दीड-दोन मिनिटांतला डेटा फ्लॅग करावाच (खराब म्हणून खूण करून बाजूला काढावाच) लागेल. उद्या ०२:४२ ला ये म्हणावं!

सगळे दिशादर्शक उपग्रह असे वागत नाहीत. गॅलिलिओ समूहाची जमिनीवरची वाट दहा नाक्षत्र दिवसांनी जुळते, ग्लोनासची आठ दिवसांनी. ते एका आठवड्याच्या वहीत विस्कळीत दिसतील.

---

ध्रुवमत्स्य | बुधवार, सकाळी ११:४५

बरोबर. मी काल जरा जास्तच ठामपणे बोललो. उलट्या बाजूनेही नियम फसतो. पहाटे सूर्य उगवला की त्याचा गोंगाट डिशच्या मुख्य रोखाबाहेरच्या दिशांतून (कडेच्या पाकळ्या म्हणतो आम्ही त्यांना) आत शिरतो आणि जवळच्या जोड्यांत दिसतो. तोही रोज जवळपास त्याच वाजता. सूर्य आभाळातला, पण चालतो आपल्या घड्याळाने, कारण आपलं घड्याळ त्याच्यावरूनच केलंय. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. वेळ, दिशा आणि कुठल्या जोड्या, तिन्ही एकत्र बघायचं.

---

नभांगण | बुधवार, सायंकाळी ६:१०

हा धागा म्हणजे पर्वणी आहे. जोसलिन बेल यांची गोष्ट कुणी लिहील का? मला वाटतं ती इथे अगदी चपखल बसते.

---

कृत्तिका | बुधवार, रात्री ८:३०

लिहिते. १९६७, केंब्रिज. ८१.५ मेगाहर्ट्झवर चालणारं तारांचं आणि खांबांचं साडेचार एकर पसरलेलं शेत, आणि त्यातून रोज सुमारे शंभर फूट कागदी पट्टी बाहेर पडायची. ती सगळी डोळ्यांनी तपासायचं काम संशोधक विद्यार्थिनी असलेल्या बेल यांचं. ऑगस्टमध्ये त्यांना पट्टीवर बारीकसा खरखरीत भाग दिसला. स्रोतासारखा नाही आणि नेहमीच्या गोंगाटासारखाही नाही. त्यांना आठवलं की असंच काहीतरी आधीही दिसलंय, आभाळाच्या त्याच भागातून. जुन्या पट्ट्या काढल्या. ते नाक्षत्र वेळ पाळत होतं. नोव्हेंबरच्या अखेरीस जलद चालणाऱ्या नोंदयंत्रावर त्याचे ठोके वेगळे दिसले, १.३३७ सेकंदांनी एक. पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक ठोक्यांनी रेडिओ लहरी पाठवणारा तारा.

शंभर फुटांत ते अर्ध्या इंचाहून मोठं नव्हतं. नोबेल १९७४ साली त्यांचे मार्गदर्शक हुईश आणि गटाचे प्रमुख राइल यांना मिळालं, बेल यांना नाही. मला ते आजही पटत नाही.

---

आर्द्रा | गुरुवार, सकाळी ८:१०

रात्र वाया जाणार असं वाटत होतं. २१:५० ला वारा मर्यादेबाहेर गेला आणि सगळ्या डिश सरळ वर तोंड करून उभ्या केल्या. वाऱ्यात तेवढीच सुरक्षित स्थिती. लक्ष्याचा दीड तास गेला आणि तो परत मिळणार नाही.

डिश उभ्या केल्या की नोंदणी थांबवतात. मी ऑपरेटरना विनंती केली की थांबवू नका, आभाळ नको आहे, २२:४१ हवंय. ते हसले आणि चालू ठेवली. २२:४१ ला गोंगाट आला. तितकाच, त्याच जोड्यांत. डिश कुठे बघताहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. काकांचा दुसरा मुद्दा वाऱ्याने आपसूक तपासून दिला.

२३:२५ ला पुन्हा लक्ष्यावर. ०२:४२ ला, कृत्तिकाताई, तुमचा उपग्रह आला. ०२:४१:५० पासून मी श्वास रोखून बसले होते.

वहीतली पंपाची ओळ सकाळी अभियंत्यांना दाखवली. ते आज उपकरण घेऊन फिरणार आहेत.

---

सहज विचारतो | गुरुवार, सकाळी १०:००

मी सोमवारी विचारलं होतं ना नोंदवही कशाला. त्याचं उत्तर मिळालं. पंपाचा आवाज संगणकाने कुठे लिहिला असता!

---

शाळामास्तर | गुरुवार, दुपारी ३:३०

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची गोष्ट मुलांना सांगितली, ती इथेही टाकतो. १९९८ पासून तिथे अधूनमधून काही विचित्र स्पंदनं दिसायची. अंतराळातून येणाऱ्या क्षणिक रेडिओ स्फोटांसारखीच, पण नक्की तशीही नाहीत. त्यांना पेरिटॉन नाव दिलं. ती बहुतेक दिवसाच्या कामाच्या वेळेत यायची, हीच मोठी खूण. २०१५ साली उलगडा झाला: मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आत कुणी दार उघडलं आणि दुर्बीण नेमकी योग्य दिशेला असली की ते स्पंदन नोंदलं जायचं. हे कळल्यामुळे खऱ्या स्फोटांवरचा संशय मात्र दूर झाला. पेरिटॉन कामाची वेळ पाळत होते, खरे स्फोट पाळत नव्हते.

---

आर्द्रा | शुक्रवार, सकाळी ७:००

सापडला.

अभियंते काल दुपारी हातातली छोटी अँटेना आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर (कुठल्या वारंवारतेवर किती गोंगाट ते दाखवणारं उपकरण) घेऊन निघाले, मी त्यांच्या मागे. थोड्या अंतरावर पाण्याच्या साठवण टाकीचा पंप आहे. त्याच्या मोटरीचा वेग नियंत्रित करणारी पेटी धातूच्या कपाटात बंद असते, म्हणजे तिचा गोंगाट बाहेर पडू नये. पंप टायमरवर, रोज २२:४१ ते २३:०१. तो हाताने सुरू केला आणि अँटेना कपाटाभोवती फिरवली. तीन बाजूंनी शांत. बिजागरीच्या बाजूला नेली तर पडद्यावर तेच कंगव्याचे दात.

दार उघडून दाखवलं त्यांनी. कडेला धातूच्या बारीक पाकळ्यांची पट्टी असते, दार बंद केलं की त्या दाबल्या जाऊन फट पूर्ण मिटते. बिजागरीच्या बाजूच्या वीतभर पट्टीतल्या पाकळ्या चपट्या होऊन गेल्या होत्या. मी बोट फिरवलं तर बाकीच्या पाकळ्या टोचल्या, तिथे मात्र गुळगुळीत. दार नीट बंद दिसत होतं, पण रेडिओच्या दृष्टीने ते उघडंच होतं.

खात्री करायची म्हणून रात्री टायमर बंद ठेवला. २२:४१ ला काही नाही. २३:३० ला पंप दोन मिनिटं हाताने लावला, गोंगाट. बंद केला, शांत. आता शंका नाही.

०२:३८, उपग्रह. तो आता सवयीचा झाला.

---

ध्रुवमत्स्य | शुक्रवार, सकाळी ९:४०

शाब्बास पोरी. वीतभर पट्टीवरून आठवलं, फट किती रुंद यापेक्षा किती लांब हे महत्त्वाचं. केसाएवढी रुंद पण वीतभर लांब फट तुझ्या तरंगलांबीला खिडकीसारखीच. २१ सेंटिमीटरच्या लहरीची अर्धी लांबी म्हणजे दहा-साडेदहा सेंटिमीटर, तेवढ्या लांबीची चीर उत्तम अँटेना होते. त्यांना सांग, दुसऱ्या कपाटांच्या पट्ट्याही बोटाने तपासा, नुसत्या नजरेने नको.

---

आर्द्रा | शनिवार, सकाळी ६:४५

नवी पट्टी बसली. दुसऱ्या एका कपाटातही अशीच जागा निघाली, काका, तुमच्यामुळे. २२:४१ ला पंप चालू असताना पडदा स्वच्छ. ०२:३४. बाकी काही नाही, आणि ही आतापर्यंतची सर्वांत चांगली रात्र होती.

---

शाळामास्तर | शनिवार, रात्री ९:२०

आकडे देतो. स्वाती तारा, शाळेच्या गच्चीच्या कठड्यावरची एक ठरलेली खूण आणि भिंतीची कड. दोन रात्री ढग होते. सोमवारी ८:५२:१०. बुधवारी ८:४४:२०. आज ८:३२:३०. पाच दिवसांत १९ मिनिटं ४० सेकंद, दिवसाला ३ मिनिटं ५६ सेकंद. एका मुलीने विचारलं, "मग वर्षभरात ही मिनिटं मिळून किती होतात?" मी म्हटलं, तूच काढ. तिने खडूने गच्चीवरच मांडलं आणि जवळजवळ एक आख्खा दिवस निघाला.

---

कृत्तिका | शनिवार, रात्री १०:०५

मास्तर, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. वर्षाचे ३६५ दिवस आपण मोजतो, तारे ३६६ मोजतात. तिने ते हाताने सापडवलं.

---

आर्द्रा | रविवार, सकाळी ८:५०

शेवटची रात्र. २०:३६ ला सुरू, पहाटे ३सी४८ वर संपली. सातपैकी साडेसहा रात्रींचा डेटा हाताशी आहे. पहिल्या तीन रात्रींतली पंपाची वीस-वीस मिनिटं जवळच्या जोड्यांतून काढून टाकावी लागतील. पहिल्या रात्रीची वेळ मी लिहिली नव्हती, ती आता २२:४१ धरून डेटात तपासली, सापडली. हायड्रोजन दिसला का? अजून नाही. त्याला कॅलिब्रेशन, फ्लॅगिंग, सगळ्या रात्री एकत्र जोडणं, असे काही महिने लागतील. तो आहे की नाही हे आज मला ठाऊक नाही आणि तसं लिहायला मला काही वाटत नाही.

सहाच्या सुमारास पुढच्या गटाचा मुलगा आला. त्याला पडदे दाखवले, मग वही दिली. माझ्या सात रात्रींची २३ पानं झाली. शेवटच्या पानावर त्याच्यासाठी लिहिलं आहे:

"पंपाचं कपाट दुरुस्त, तरी २२:४१ ला एकदा बघणे. दारं बंद करताना बिजागरीची बाजू बोटाने तपासणे. १२२७ चा उपग्रह काल ०२:३० ला. याच दिशेला बघणार असाल तर आज ०२:२६."

---

सहज विचारतो | रविवार, रात्री ११:१५

ताई, उठलात की एवढं सांगा, ते या दिशेलाच बघणार आहेत का? मी ०२:२६ चा गजर लावतोय.